एक भागिले वेग

मे महिना. सकाळचे साडेनऊ, आणि पत्रा आताच तडतडू लागलाय.
कूलरच्या ओल्या वाळ्यासमोर बसून मी
साडेचार हजार मीटरवरचा एक कडा उघडते.

दर दहा मिनिटांनी एक आकडा येतो.
कड्याच्या भेगेत बसवलेली तार किती ताणली, एवढंच.
भेगेत बर्फ आहे. हजारो वर्षं
त्यानं दगडाला दगडाशी धरून ठेवलं,
कुडाला शेणमातीनं धरावं तसं.
आता तो दुपारी घाम गाळतो,
रात्री पुन्हा धरायला जातो, आणि धरताना फुगून
आणखी थोडं ढकलतो.

बाबांना हे समजावून सांगावं लागलं नाही.
ते कोळशाच्या खाणीत माइनिंग सरदार, वणीच्या अलीकडे.
एकोणतीस वर्षं भेगाच मोजल्या:
ढिगाऱ्याच्या माथ्यावर दोन खुंट्या, मधे टेप,
खिशातल्या वहीत तारीख.
"पडाच्या आधी थो बोलते व," म्हणतात.
"पायथ्याले बारीक खडे सुटतेत, उंदरं पळाल्यावानी.
तवा मशीन मांगं घ्याची. कोनाले इचारत नाही बसाचं."

एकदा त्यांनी असंच मशीन मागं घेतलं.
अकरा दिवस काही पडलं नाही.
साहेबांनी अकराही दिवसांचा हिशेब मागितला, टनांत.
तेव्हापासून बाबांचं नाव भेगाडे.
आमचं आडनाव पेंदोर; शाळेत मीही भेगाडेच होते.
बाराव्या रात्रीचं वहीत आहे, एका ओळीत:
पाण्याचा ड्रम गाडला गेला. माणूस नाही.

माझी रीत थोडी निराळी.
वेग घ्यायचा, एकाला त्यानं भागायचं,
ठिपक्याला ठिपका जोडायचा.
कडा निवांत असला की रेघ वर, आडवी पडून राहते.
निसटू लागला की उतरते,
चैतातल्या विहिरीच्या पाण्यासारखी,
आणि जिथे तळ लागेल
तिथे दिवस आणि वेळ लिहिलेली असते.

सोमवारी तळ दिसला: बुधवार, पहाटेचे चार.
मी अंगमोताईंना फोन केला. कड्याखाली त्यांची सतरा घरं,
वाटाण्याची वावरं.
निघा, म्हटलं. निघाले.
गुरं, गाद्या, एक आजारी म्हातारा दाराच्या फळीवर.
मंगळवारी रात्री तिकडे अवचित थंडी पडली.
रेघ तळापासून बोटभर वर थांबली
आणि आडवी झाली.

अंगमोताई रागावल्या नाहीत. तेच जड गेलं.
हिंदीत म्हणाल्या, परत जाऊ का?
माहीत नाही, मी म्हटलं.
एवढं म्हणायला सहा वर्षं शिकावं लागलं.
मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे पहाड आहे का?
धुऱ्यापलीकडे तो होताच, काळा-पिवळा,
वयानं माझ्याहून लहान,
अंगावर सुबाभळी लावलेल्या.
आहे, म्हटलं. माणसांनी रचलेला.
त्या बराच वेळ गप्प.
बर्फ नाही, म्हणाल्या, तर त्याला कोण धरतं?

अडीचला सुरुंग उडतो. मांडणीवर गंजं हलतात.
चुलीमागची भेग आईनं दोनदा लिंपली,
तिसऱ्यांदा नाही.
तिच्यावर बाबांच्या पेन्सिलीच्या आडव्या रेघा, शेजारी तारखा,
लेकराची उंची मोजावी तशा.

रात्री ते हात धुऊन बसतात.
आई भाकरीवर भुरका वाढते.
"आज किती?"
"चार मिलिमीटर. पुन्हा उतरून राह्यली रेघ."
"आन् थे बाई?"
"तंबूतच आहे. थांबा म्हटलं मी."
बाबा भाकर मोडतात.
"दिवस नोको मोजू," म्हणतात, "खडे आयक."
मग भिंतीकडे न पाहता:
"आपली अर्धा."